इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या मोटरचं बेअरिंग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेअरिंग बदलायची वेळ आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या कंपनीचं घेऊ?" खरं तर हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी माप, सील (धूळ अडवणारं झाकण) आणि बैठक (बेअरिंग ज्या भोकात बसतं ती जागा) बघायची असते. बेअरिंगला आतली आणि बाहेरची अशा दोन रिंगा असतात आणि त्यांच्यामध्ये छर्रे फिरतात. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ते दाबून बसवताना जोर कुठल्या रिंगवर पडतो. साधं, चांगल्या कंपनीचं बेअरिंग नीट बसवलं तर बरंच टिकतं. महागडं बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं तर मोटर फिरण्याआधीच त्याला मार लागलेला असतो. खालची सगळी उत्तरं याच क्रमाने लिहिली आहेत.

मोटरमधून आवाज येतो. बेअरिंगच गेलंय हे कसं ओळखायचं?

आधी बेल्ट उतरवा. घसटणारा बेल्ट, सैल झालेली पुली, चाकातलं कोरडं बेअरिंग या सगळ्यांचा आवाज फळीवर उभं राहिल्यावर मोटरचाच वाटतो. बेल्ट काढून चाक हाताने फिरवा आणि मोटर वेगळी फिरवा. खरखर कुठे राहते ते लगेच कळतं.

मोटर हाताने फिरवताना टक टक असे अडखळे जाणवतात ते लोहचुंबकांचे. ते ठरावीक अंतराने येतात आणि सगळे सारखे असतात. खराब बेअरिंगची खरखर त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही जाणवते आणि तिला काही ताल नसतो. हे तपासताना मोटरच्या तिन्ही जाड वायर कंट्रोलरपासून सोडवा आणि एकमेकींना लागू देऊ नका. त्या चिकटल्या तर मोटर स्वतःला ब्रेक लावते आणि बेअरिंग जाम झाल्यासारखं वाटतं.

दुसरी खूण म्हणजे प्ले. मोटरचा बाहेरचा फिरणारा डबा चिमटीत धरून आडवा हलवा. कडकड असा किंचितही खेळ जाणवला तर गंभीरपणे घ्या. चुंबक आणि स्टेटर (आतला तांब्याच्या तारेचा स्थिर भाग) यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते. बेअरिंग आणखी झिजलं तर चुंबक स्टेटरला घासायला लागतात, आणि मग बेअरिंग नाही, अख्खी मोटर बदलावी लागते.

एका ठरावीक वेगाला येणारी बारीक शिट्टी मात्र बऱ्याचदा कंट्रोलरची असते. थ्रॉटल सोडून बोर्ड नुसता घरंगळत असताना ती थांबत असेल तर बेअरिंगला दोष देऊ नका.

मोटरमध्ये बेअरिंग किती आणि कुठे असतात?

बेल्टवर चालणाऱ्या बोर्डांत साधारणपणे आउटरनर मोटर असते: आत तांब्याच्या तारेचा स्थिर स्टेटर, बाहेर चुंबकांचा फिरणारा डबा, आणि डब्याला जोडलेला शाफ्ट स्टेटरच्या मधल्या नळीतून आरपार. या नळीच्या दोन टोकांना दोन बेअरिंग. पूर्ण बंद प्रकारच्या मोटरमध्ये डब्याच्या उघड्या तोंडाशी आणखी एक मोठं, पातळ बेअरिंग असू शकतं. मोटर उघडण्याआधीच तीन बेअरिंगांची तयारी ठेवलेली बरी.

पुलीकडचंच बेअरिंग नेहमी आधी का जातं?

बेल्ट पुलीला एका बाजूला सतत ओढत असतो, आणि पुली बेअरिंगच्या बाहेर लटकलेली असते. त्यामुळे पुलीकडच्या बेअरिंगवर बेल्टच्या ओढीपेक्षाही जास्त भार येतो, आणि मागचं बेअरिंग उलट दिशेला ताणलं जातं. पुली बेअरिंगपासून जितकी लांब तितका हा तरफेचा परिणाम वाढतो. पुली शक्य तितकी मोटरच्या अंगाशी बसवा.

बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणणं हे बेअरिंग लवकर जाण्याचं मोठं कारण आहे. बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाप्रमाणे घटतं, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश होतं. जोरात ब्रेक लावताना बेल्ट दात सोडणार नाही इतका ताण पुरे.

बेअरिंगवरचा नंबर कसा वाचायचा?

६००१-२आरएस हा नंबर घेऊ. पहिला ६ म्हणजे एकेरी ओळीचं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग. मोटरमध्ये जवळपास नेहमी हेच असतं. दुसरा अंक जाडीची मालिका सांगतो. त्या जागी ८ असेल तर सगळ्यांत बारीक, ९ थोडं मोठं, ० त्याहून मोठं, आणि २ व ३ आणखी भारी. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे अंकाला ५ ने गुणायचं. १० मिलिमीटरपेक्षा लहान बेअरिंगांचे नंबर तीन आकडी असतात आणि त्यांत शेवटचा अंक हेच भोकाचं माप. म्हणून ६०८, ६८८ आणि ६९८ या तिघांचंही भोक ८ मिलिमीटर.

त्यापुढची अक्षरं सील आणि आतला खेळ यांबद्दल सांगतात. ती प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असतात.

नंबर पुसला गेलाय. मापावरून ओळखता येईल का?

येईल, पण तिन्ही मापं घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी. डिजिटल व्हर्नियर पुरतो. या मोटरींत भेटणारी नेहमीची मापं मिलिमीटरमध्ये, आतला × बाहेरचा × रुंदी या क्रमाने अशी:

६८८: ८ × १६ × ५
६९८: ८ × १९ × ६
६०८: ८ × २२ × ७
६८००: १० × १९ × ५
६९००: १० × २२ × ६
६०००: १० × २६ × ८
६००१: १२ × २८ × ८

ही यादी नीट बघा, कारण चुका इथेच होतात. ६०८ आणि ६९०० या दोघांचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर आहे. ६९८ आणि ६८०० या दोघांचा १९. घाईत फक्त बाहेरचं माप घेऊन ऑर्डर दिली तर बेअरिंग बैठकीत छान बसतं, पण शाफ्ट आत जात नाही किंवा आत खुळखुळतो. ६८८ ची गंमत वेगळी: सील किंवा पत्र्याचं झाकण असलेलं ६८८ पाच मिलिमीटर रुंद असतं, उघडं चारच. रुंदीतला एक मिलिमीटरचा फरक म्हणजे शाफ्ट पुढेमागे सरकणार.

मोटरच्या नावावरून बेअरिंग ठरवू नका. ६३५४ किंवा ६३७४ हे आकडे डब्याच्या बाहेरच्या मापाचे आहेत, ६३ मिलिमीटर व्यास आणि ५४ किंवा ७४ लांबी. त्याच मापाच्या दोन मोटरींत शाफ्ट एकीचा ८ चा, दुसरीचा १० चा असू शकतो. एकाच मोटरमधली पुढची-मागची बेअरिंगही वेगळ्या नंबरची असू शकतात. उघडा, मोजा, मग मागवा.

पत्र्याचं झाकण असलेलं घ्यावं की रबरी सील?

रबरी सील. स्केटबोर्डची मोटर जमिनीपासून थोड्याच उंचीवर, चाकाच्या मागे, उडणाऱ्या धुळीत आणि चिखलात फिरत असते. झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती, जी आतल्या रिंगला टेकत नाही. तिथे बारीक फट राहते. मोठा खडा ती अडवते, बारीक धूळ आणि पाणी नाही.

२आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना आतल्या रिंगला टेकणारं रबरी सील. हेच एनएसकेच्या बेअरिंगवर डीडीयू असं दिसेल, एनटीएनच्या बेअरिंगवर एलएलयू, आणि एसकेएफच्या बेअरिंगवर २आरएस१ किंवा २आरएसएच. न टेकणारं रबरी सीलही मिळतं: एनएसकेचं व्हीव्ही, एनटीएनचं एलएलबी, एसकेएफचं २आरझेड किंवा २आरएसएल. ते हलकं फिरतं आणि धूळ पत्र्यापेक्षा बरी अडवते. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावरच चालवत असाल तर ते चालेल. बाकी सगळ्यांनी टेकणारं घ्यावं.

"रबरी सीलने मोटर जड फिरेल, रेंज कमी होईल," ही भीती बऱ्याच जणांना असते. नवं २आरएस बेअरिंग बोटावर फिरवलं की लगेच थांबतं, म्हणून तसं वाटतं. पण शेकडो वॉट खर्च करणाऱ्या मोटरमध्ये सीलचं घर्षण जाणवण्याइतकं नसतं. बोटावर किती वेळ फिरतं यावरून बेअरिंग निवडू नका. ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग त्या परीक्षेत नेहमीच नापास होतं.

इतक्या वेगाला सील टिकेल का?

हिशोब करून बघा. १० सेलांची बॅटरी पूर्ण चार्ज असताना ४२ व्होल्ट देते. मोटर १९० केव्हीची असेल (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला १९० फेरे, किलोव्होल्ट नव्हे) तर विनाभार जास्तीत जास्त ४२ गुणिले १९०, म्हणजे मिनिटाला सुमारे ८,००० फेरे. ६०८ च्या टेकणाऱ्या सीलच्या बेअरिंगची वेगमर्यादा कॅटलॉगमध्ये मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या वर दिलेली असते. वेगाची काळजी सोडा.

उष्णतेकडे मात्र लक्ष द्या. नेहमीचं सील नायट्राइल रबराचं असतं, आणि ते सलग १०० अंश सेल्सिअसपर्यंतच ठीक राहतं. चढावर मोटर हात लावता येणार नाही इतकी तापत असेल तर आतला भाग बाहेरून वाटतो त्याहून गरम असतो. रोज अशीच तापत असेल तर फ्लुओरोरबराचं सील मिळतं, पण मी आधी गिअरिंग आणि करंटची मर्यादा तपासायला सांगेन. त्या उष्णतेत चुंबकांचंही नुकसान होतं.

एबेक ७, एबेक ९ घेतलं तर जास्त टिकेल का?

नाही. एबेक हे मापांच्या आणि फिरण्याच्या अचूकतेचं मानांकन आहे. १, ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या आहेत, आणि आंतरराष्ट्रीय मानकात त्यांच्या समोर अनुक्रमे सामान्य, ६, ५, ४ आणि २ हे वर्ग येतात. भार किती पेलेल, पोलाद कसं आहे, ग्रीस कोणतं, सील कसं, आतला खेळ किती, धक्का किती सोसेल, यांतलं काहीही एबेक सांगत नाही. इतकी अचूकता खरोखर लागते ती मशीन टूलच्या स्पिंडलला. नामांकित बेअरिंग कंपनीचं सामान्य वर्गातलं बेअरिंग या मोटरला पुरेपूर आहे. नाव-गाव नसलेल्या डबीवर एबेक ९ छापलेलं असेल तर मी ती डबी घेणार नाही.

चाकातलं ६०८ आणि मोटरमधलं ६०८ एकच ना? उरलेलं वापरू का?

माप एकच, काम वेगळं. स्केटच्या चाकासाठी म्हणून विकली जाणारी बेअरिंग हलकी फिरावीत म्हणून त्यांत बहुधा पातळ तेल असतं, आणि सील काढता येण्यासारखं, तेही कधी एकाच बाजूला. चाकात ते ठीक आहे, कारण तिथे तुम्ही वरचेवर साफ करून तेल घालता. मोटर दर महिन्याला कुणी उघडत नाही. तिथे कारखान्यातून ग्रीस भरून आलेलं, दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंगच हवं. उलट मात्र चालतं: मोटरसाठी आणलेलं औद्योगिक २आरएस ६०८ चाकात घाला, थोडं जड फिरेल पण तक्रार करणार नाही.

सी३ घ्यावं का?

सी३ म्हणजे छर्रे आणि रिंगा यांच्यातला खेळ नेहमीपेक्षा जास्त. १० मिलिमीटरपर्यंतच्या भोकाच्या बेअरिंगमध्ये नेहमीचा खेळ २ ते १३ मायक्रॉन असतो, सी३ मध्ये ८ ते २३. रिंग घट्ट दाबून बसवली किंवा आतली रिंग बाहेरचीपेक्षा जास्त तापली की हा खेळ कमी होतो. तो संपून छर्रे आवळले जाऊ नयेत म्हणून सी३.

आता उष्णता कुठून येते ते बघा. बेल्टवाल्या आउटरनरमध्ये तापते ती स्टेटरची तार, आणि ती उष्णता मधल्या नळीतून आधी बाहेरच्या रिंगला पोचते. बाहेरची रिंग फुगली की खेळ वाढतो. म्हणजे इथे सी३ ची सक्ती नाही. साधं बेअरिंग शांत चालतं, तेच घ्या. हब मोटरमध्ये, म्हणजे चाकातच असलेल्या मोटरमध्ये, उलट आहे. तिथे स्टेटर धुऱ्यावरच बसलेला असतो, उष्णता धुऱ्यातून आतल्या रिंगला मिळते, आणि बाहेरची रिंग हवेत फिरून थंड राहते. तिथे सी३ शहाणपणाचं. जुन्या बेअरिंगवर सी३ किंवा मोटरसाठीचा सीएम असा शिक्का असेल तर तोच पुन्हा घ्या.

सिरॅमिक बेअरिंगचा फायदा होतो का?

हायब्रिड सिरॅमिकमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे आणि रिंगा पोलादाच्याच असतात. छर्रे पोलादापेक्षा निम्म्याहूनही हलके, न गंजणारे, विजेला अडवणारे. अतिवेगाच्या स्पिंडलमध्ये याचा खरा उपयोग आहे. स्केटबोर्डला वेग कमी आणि धक्के जास्त. छर्रा जितका कडक तितका धक्का बसल्यावर रिंगेत खड्डा सहज पडतो, आणि रिंगा तर गंजतातच. त्या पैशात चांगला पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) घ्या. पूर्ण सिरॅमिकचा विचारही नको, त्या रिंगा ठिसूळ असतात.

स्टेनलेसची गोष्ट वेगळी. ओल्या रस्त्यावर चालवणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. भार पेलण्याची क्षमता नेहमीच्या क्रोम पोलादापेक्षा थोडी कमी असते, पण गंजून मरण्यापेक्षा ते बरं.

त्याच जागी जास्त भार पेलणारं बेअरिंग बसेल का?

बाहेरची मापं ठरलेली असल्यामुळे फारसं काही हातात नसतं. बैठक कोरून मोठी करणं म्हणजे नळीची भिंत पातळ करणं, ते करू नका. हे ज्ञान नवी मोटर निवडताना कामाला येतं. १० मिलिमीटर शाफ्टसाठी ६८०० ची गतिक भारक्षमता (फिरताना पेलायच्या भाराचा कॅटलॉगमधला आकडा) साधारण १.७ किलोन्यूटन, ६९०० ची २.७, आणि ६००० ची साडेचारच्या वर. आकडे कंपनीप्रमाणे थोडे हलतात. फरक थोडासाच वाटतो, पण आयुष्य घनाने बदलतं. त्यामुळे त्याच भाराखाली ६९०० हे ६८०० च्या सुमारे चौपट टिकायला हवं. दोन मोटरींमध्ये घुटमळत असाल तर वॉटचे आकडे सोडा, पुलीकडचं बेअरिंग कोणतं ते विचारा.

एकच खराब आहे. दोन्ही बदलू का?

हो. मोटर उघडण्याचे कष्ट बेअरिंगपेक्षा महाग आहेत.

जुनं बेअरिंग काढायचं कसं?

आधी काम करायची जागा पुसून घ्या. चुंबक उघडे पडले की टेबलावरचा लोखंडाचा प्रत्येक कण त्यांना चिकटतो आणि नंतर फटीत घासतो.

पुली काढा. शाफ्टवरची सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि तिच्याखालचे शिम वॉशर (पातळ चकत्या) काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. डबा आणि शाफ्ट ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने) जोडलेले असतील तर ते आत्ताच सैल करू नका, दोघांना एकत्र बाहेर ओढायचं आहे. चुंबक आधी सोडत नाहीत आणि मग एकदम सोडतात. डबा परत आपटला तर बोट चिरडतं आणि तारेचं इनॅमल खरवडलं जातं. शाफ्टचं टोक पुलरने किंवा व्हाइसमध्ये हळूहळू ढकला, नुसत्या हातांनी खेचू नका.

उघडलं की पुलीकडच्या बेअरिंगजवळ शाफ्ट नीट बघा. तिथे तांबूस, बारीक, वस्त्रगाळ भुकटी दिसली आणि पोलादावर मळकट पट्टा असला तर शाफ्ट आतल्या रिंगमध्ये सूक्ष्म सरकत होता. याचं पुढे काय करायचं ते खाली आहे.

बेअरिंग बैठकीतून काढताना पलीकडून दांडा घालून आतल्या रिंगवर ठोकायला हरकत नाही, कारण ते टाकूनच द्यायचं आहे. दांड्याला टेकायला कड मिळत नसेल तर आत जाऊन फुलणारा ब्लाइंड पुलर वापरा. घट्ट असेल तर हॉट एअर गनने ॲल्युमिनियमची बैठक ८०-९० अंशांपर्यंत तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पकड सुटते. ज्योत लावू नका, शेजारीच तारांचं इन्सुलेशन आहे.

आणि नवीन बसवायचं कसं?

जी रिंग घट्ट बसायची आहे तिच्यावरच जोर द्यायचा. बैठकीत दाबताना बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. चुकीच्या रिंगवर जोर दिला की तो छर्ऱ्यांमधून पलीकडे जातो आणि प्रत्येक छर्रा आपल्या खाली एक बारीक खड्डा पाडतो. बाहेरून काहीही दिसत नाही. नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरलं तर कंपनीला शिव्या देण्याआधी हे आठवा.

बैठकीचं तोंड स्वच्छ करा, जुना चिकट थर खरवडा, कडेला धातूची धारदार कोर (बर) उरली असेल तर काढा. बेअरिंग पाकिटात बंदच तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि बैठक तापवा. २२ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची बैठक ७० अंशांनी तापवली की सुमारे ३५ मायक्रॉनने फुगते. एवढ्यात बेअरिंग बऱ्याचदा हाताने सरकतं. नाहीच सरकलं तर बाहेरच्या रिंगपेक्षा किंचित लहान व्यासाचा सॉकेट किंवा नळी घ्या (६०८ साठी बाहेरून २१ मिलिमीटर) आणि व्हाइसमध्ये किंवा आट्याचा लांब रॉड, दोन नट आणि जाड वॉशर यांनी आवळत न्या. सुरुवातीलाच तिरकं गेलं तर ढकलत राहू नका, काढून पुन्हा सरळ लावा. तळाला टेकलं की पाना एकदम जड होतो. तिथे थांबा.

बेअरिंग बैठकीत गेल्यावर शाफ्ट आत घालताना तो घट्ट जात असेल तर मागून आतल्या रिंगला नळीचा आधार द्या. नाहीतर तीच खड्ड्यांची गोष्ट उलट्या बाजूने घडते.

बेअरिंग बैठकीत सैल बसतंय, किंवा शाफ्ट झिजलाय. आता?

आधी हे समजून घ्या की कुठली रिंग घट्ट असायला हवी. बेल्टची ओढ एकाच दिशेने असते आणि शाफ्ट फिरतो, म्हणून भार आतल्या रिंगभोवती फिरत राहतो. अशा वेळी आतली रिंग शाफ्टवर घट्ट हवी. पण जोडणी सोपी व्हावी म्हणून या मोटरींत शाफ्ट बहुधा आतल्या रिंगमध्ये हाताने सरकेल असाच ठेवलेला असतो, आणि तांबूस भुकटी त्यातूनच येते. झीज नखाला लागत नसेल तर बेअरिंगचा रिटेनिंग कंपाउंड (फटीत वाळून रिंग धरून ठेवणारं रसायन) वापरा. लॉकटाइट ६४१ पुढे बेअरिंग काढावं लागेल अशाच जागांसाठी आहे. ६३८ आणि ६४८ जास्त घट्ट धरतात. शाफ्टवर पातळ थर द्या, थेंब सीलच्या फटीत जाऊ देऊ नका, आणि पूर्ण वाळेपर्यंत मोटर फिरवू नका. नखाला पायरी लागत असेल तर शाफ्ट बदला.

बाहेरची रिंग ॲल्युमिनियममध्ये किंचित सैल असेल तर तेच रसायन चालतं. मोटर तापल्यावर ॲल्युमिनियम आणखी फुगतं हे लक्षात ठेवा. थंड असतानाच हलत असेल तर गरम असताना रिंग नक्कीच फिरते. बैठकीला पंचने टोचे मारून बेअरिंग अडकवण्याचा उपाय मला मान्य नाही. तीन ठिकाणी आवळलेली रिंग गोल राहत नाही.

शिम आणि लाटेसारखा वाकलेला वॉशर परत घालायलाच हवा का?

हवाच. शिम डब्याची जागा ठरवतात. वेव्ह वॉशर बेअरिंगला हलका आडवा दाब देतो, त्यामुळे छर्रे सैल खुळखुळत नाहीत. आतल्या रिंगपाशी येणाऱ्या शिमने फक्त आतल्या रिंगलाच टेकायला हवं. तिचा घेर मोठा असेल तर ती सील खात बसते.

हब मोटरसाठी वेगळं काही?

बरंच. तिथे चाक म्हणजेच मोटर. तुमचं वजन आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट बेअरिंगवर येतो. धुरा स्थिर आणि बाहेरची रिंग फिरते, म्हणून इथे बाहेरची रिंग घट्ट हवी. टेकणारं रबरी सील इथे अनिवार्य माना. वायर धुऱ्यातल्या पोकळीतून बाहेर येतात. बेअरिंग ओढून काढताना त्या चिमटल्या तर हॉल सेन्सर (कंट्रोलरला चुंबकांची जागा सांगणारे) बंद पडतात, म्हणून कनेक्टरमधल्या पिनांचा फोटो घेऊन, पिना सोडवून, वायर सरळ करून मगच पुलर लावा.

पावसात भिजलं. लगेच काय करू?

२आरएस म्हणजे जलरोधक नव्हे. गरम मोटर पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी सीलच्या ओठातून आत ओढलं जातं. बोर्ड कोरडा करा, मोटर थोडी चालवून कोमट होऊ द्या, दुसऱ्या दिवशी आवाज ऐका. प्रेशर वॉशर कधीही मारू नका. डब्ल्यूडी-४० बेअरिंगवर फवारू नका, ते ग्रीस पातळ करून बाहेर काढतं.

सील उचलून नवीन ग्रीस भरता येतं का?

बेअरिंग गुळगुळीत फिरत असेल आणि फक्त कोरडं वाटत असेल तर येतं. बारीक सुईने सील बाहेरच्या रिंगकडून उचला, आतला ओठ दुमडू देऊ नका. मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ग्रीस पुरे. गच्च भरलं तर ते घुसळून तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. विद्युत मोटरसाठीचं पॉलियुरिया ग्रीस चांगलं, पण जुनं ग्रीस पूर्ण धुऊन मगच भरा, कारण वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊ शकतात. खरखर सुरू झालेल्या बेअरिंगला ग्रीस घालणं म्हणजे नुसता आवाज दाबणं.

बनावट बेअरिंग कसं ओळखायचं?

मोठ्या कंपन्यांच्या नावाने बनावट माल सर्रास विकला जातो. अविश्वसनीय स्वस्त, पुसट किंवा तिरका शिक्का, डबीवरचा आणि रिंगवरचा नंबर वेगळा, सीलची कड ओबडधोबड, ही लक्षणं बघा. पण चांगली नक्कल डोळ्यांना ओळखू येत नाही, म्हणून कंपनीच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्या. एसकेएफचं तपासणीसाठी ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, फोटो पाठवून विचारता येतं.

नवीन बेअरिंग घातलं, तरी आवाज आहे.

बेल्ट न लावता आधी मोटर चालवून बघा. तेव्हा शांत असेल तर दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते आणि बेल्टचा ताण तपासा. तेव्हाही आवाज असेल तर चुंबकांवर चिकटलेला लोखंडी कीस बघा, तो चिकटपट्टीने निघतो. मग डब्याचे ग्रब स्क्रू, मग शिमचा क्रम. एखादा चुंबक सुटून वर आला असेल तर स्टेटरवर चकाकणारा ओरखडा दिसतो. हे सगळं ठीक असेल आणि हाताने फिरवताना एकसारखी बारीक खरखर लागत असेल, तर बेअरिंग बसवतानाच त्यात खड्डे पडले आहेत. ते काढा आणि दुसरं बसवा, या वेळी सॉकेट बाहेरच्या रिंगवर ठेवून.